काव्हूरच्या आधीचा दाझेल्यो

‘इटली घडली, आता इटालियन घडवायचे आहेत’ हे वाक्य अनेकदा इटली एक करणाऱ्या काव्हूरच्या नावावर खपतं. त्यामागचा विचार मास्सिमो दाझेल्योचा आहे. त्याच्या मृत्यूनंतर, १८६७ साली छापलेल्या आठवणींत तो येतो. आजचं घोटीव रूप त्याला नंतरच्यांनी दिलं. गल्लत होणं स्वाभाविक आहे, कारण दोघंही तुरीनच्या सरदार घराण्यांतले, दोघंही नेमस्त आणि दोघंही वायव्य इटलीतल्या पीडमाँट राज्याच्या एकाच राजाचे पंतप्रधान. सावरकरांनी १९०७ मध्ये मॅझिनी मराठीत आणला, काव्हूर आणि गॅरिबाल्डी इतिहासाच्या पुस्तकात भेटतात. दाझेल्यो मात्र राहूनच जातो.

१७९८ चा हा मार्क्विस मूळचा चित्रकार. लष्कर सोडून रोमला गेला आणि निसर्गचित्रं काढू लागला. पुढे तो बार्लेत्ताच्या झुंजीचं चित्र रंगवत होता. १५०३ साली १३ इटालियन आणि १३ फ्रेंच घोडेस्वार भिडले आणि इटालियन जिंकले, तो प्रसंग. हा एका चित्रात अडकून राहता कामा नये, लोकांनी वाचला पाहिजे, असं त्याच्या मनाने घेतलं आणि १८३३ मध्ये त्यावरची कादंबरी आली. १८४८ मध्ये व्हिचेंझाला ऑस्ट्रियाशी लढताना तो जखमी झाला.

काव्हूर त्याच्याहून १२ वर्षांनी धाकटा. शेती, बँका, रेल्वे, वर्तमानपत्र हे त्याचं जग. इटालियनपेक्षा फ्रेंच त्याला सोपी जायची.

दाझेल्योची खरी कसोटी १८४९ ची. नोव्हाराला ऑस्ट्रियाकडून पीडमाँट हरल्यानंतरच्या काळात इटलीतल्या बाकीच्या राज्यकर्त्यांनी दिलेल्या राज्यघटना गुंडाळल्या. पीडमाँटची तेवढी टिकली, आणि तेव्हा पंतप्रधान होता दाझेल्यो. संसद ऑस्ट्रियाशी झालेला तह मान्य करेना. मग ती बरखास्त झाली आणि २० नोव्हेंबरला तुरीनजवळच्या मोंकालिएरीहून राजाच्या नावाने जाहीरनामा निघाला. ती मतदारांना दटावणीच होती आणि मला ती आजही खुपते. तरीही नव्या संसदेने तह मंजूर केला आणि घटना वाचली. १८५० मध्ये सिक्कार्दी कायद्यांनी धर्मगुरूंची वेगळी न्यायालयं बंद केली. त्याच वर्षी दाझेल्योनेच काव्हूरला मंत्रिमंडळात घेतलं, शेती आणि व्यापार खातं देऊन.

१८५२ मध्ये काव्हूरने त्याला अंधारात ठेवून संसदेतल्या डाव्या गटाच्या रात्ताझ्झीशी संधान बांधलं आणि नोव्हेंबरात पंतप्रधानपद काव्हूरकडे आलं. क्रिमियाचं युद्ध, १८५८ ची नेपोलियन तिसरा याच्याशी प्लोंबिएरची गुप्त भेट, १८६१ चं एकसंध राज्य ही कर्तबगारी निःसंशय काव्हूरची. पण त्याच्या हाती चालती संसद होती, आणि ती राखून ठेवली होती दाझेल्योने.

शेवटी दोघांच्या वाटा फाकल्या. मार्च १८६१ मध्ये काव्हूरने रोमच राजधानी हवी असं संसदेत ठासून सांगितलं. दाझेल्योने त्याला विरोध केला. जूनमध्ये काव्हूर गेला. ऑगस्टमध्ये, नव्याने जोडलेल्या दक्षिणेत सैन्य बंडाळी मोडत असताना, दाझेल्योने एका पत्रात लिहिलं की नेपल्सच्या लोकांना आपण हवे आहोत की नको, हे त्यांनाच पुन्हा एकदा विचारायला हवं.