जुन्या क्लासिक गाडीसाठी नवीन टायर निवडणं

क्लासिक गाडीचे टायर झिजले, तडकले किंवा नुसतेच म्हातारे झाले की त्यांच्या जागी आज बनत असलेले कोणते टायर घालायचे हे ठरवणं, असा हा विषय. रोजच्या गाडीला हा प्रश्नच पडत नाही, साइडवॉलवरचा, म्हणजे टायरच्या बाजूवरचा, साइज वाचायचा आणि तोच मागायचा. पण १९५० किंवा ६० च्या दशकातल्या गाडीवर साइज वेगळ्याच पद्धतीने लिहिलेला असतो, टायरची आतली बांधणी वेगळी असते आणि सस्पेन्शन त्याच बांधणीला धरून सेट केलेलं असतं. म्हणून मॉडर्न टायर म्हणजे रुंद आणि चपटा टायर हा समज आधी डोक्यातून काढायचा. रबर नवीन, उंची-रुंदी मात्र जुनीच, असा टायर बहुतेक क्लासिक गाड्यांना मानवतो.

पहिला फाटा क्रॉसप्लाय की रेडियल हा. क्रॉसप्लायमधे, ज्याला बरेच जण बायस किंवा नायलॉन टायर म्हणतात, दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरपे असतात आणि साइडवॉल आणि ट्रेड (रस्त्याला टेकणारा भाग) दोन्ही त्याच थरांवर उभे असतात, त्यामुळे वळणावर साइडवॉल वाकली की ट्रेडही मुरडतो. रेडियलमधे दोऱ्या एका बीडपासून (रिमवर बसणाऱ्या कडेपासून) दुसऱ्या बीडपर्यंत सरळ आडव्या जातात आणि ट्रेडखाली वेगळा पट्टा असतो, बहुतेक वेळा स्टीलचा, म्हणून साइडवॉल वाकली तरी ट्रेड रस्त्यावर सपाट राहतो. मिशेलिनने याचं पेटंट १९४६ मधे घेतलं आणि १९४९ मधे मिशेलिन एक्स नावाने टायर बाजारात आणला, १९५५ ची सिट्रोएन डीएस तर रेडियल गृहीत धरूनच बनली. पण सगळे लगेच वळले नाहीत, अमेरिकन गाड्यांमधे रेडियल स्टँडर्ड म्हणून यायला १९७० ची लिंकन कॉन्टिनेंटल मार्क ३ उजाडावी लागली. त्यामुळे गाडी कुठल्या साली बनली एवढ्यावरून तिच्यावर मूळ काय होतं हे कळत नाही, हँडबुक बघावंच लागतं.

क्रॉसप्लायवाल्या गाडीला रेडियल घातला तर काय होतं? ब्रेकिंग सुधारतं, ओल्या रस्त्यावर पकड वाढते, टायर जास्त टिकतो आणि रस्त्यावरच्या चाकोऱ्यांमागे धावायची क्रॉसप्लायची खोड जाते. रात्रभर उभ्या गाडीचे नायलॉन टायर खालून चपटे होतात आणि सकाळी पहिले काही किलोमीटर गाडी धडधडते, तेही थांबतं. पण फुकट काही नाही. पार्किंग करताना स्टीअरिंग जड होतं, कारण पॉवर स्टीअरिंग नसतं आणि गाडी अरुंद टायरवर हलकी चालावी असा मूळ हिशोब असतो. क्रॉसप्लाय हळूहळू घसरतो आणि आधी सांगून घसरतो, रेडियल बराच वेळ धरून ठेवतो आणि मग पटकन सोडतो, तेव्हा जुन्या सवयीने चालवणाऱ्याने सुरुवातीला जरा जपूनच. आणि वाढलेल्या पकडीचा सगळा ताण रिम, बेअरिंग आणि किंगपिनवर (ज्या खुंटीवर पुढचं चाक वळतं तिच्यावर) येतो, म्हणून पन्नास-साठ वर्षांच्या स्टीलच्या रिमला नट बसतात त्या भोकांभोवती बारीक तडे आहेत का हे टायर काढलेलाच आहे तर बघून घ्यायचं, तारांचं चाक असेल तर सैल आणि तुटलेल्या तारा बघायच्या.

अलाइनमेंटही परत बघावं लागतं, क्रॉसप्लायसाठी दिलेला टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडं किंचित आत वळवणं, रेडियलला सहसा जास्तच होतो. हवेचंही तेच, हँडबुकमधला आकडा क्रॉसप्लायचा असेल तर तो रेडियलला तसाच लावायचा नाही, बहुतेक वेळा थोडी जास्त हवा लागते. टायर कंपनीकडे त्या गाडीसाठी आकडा असेल तर तो घ्यावा, नसेल तर जुन्या लोकांची पद्धत आहे: गार टायरची हवा मोजायची, अर्धा तास बऱ्या वेगाने गाडी चालवायची आणि लगेच परत मोजायची, ४ पीएसआयपेक्षा जास्त वाढली असेल तर मुळात हवा कमी होती असं समजायचं.

आता साइज, सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. ५.६०-१५ म्हणजे टायर ढोबळमानाने ५.६ इंच रुंद आणि रिम १५ इंचाची, उंचीबद्दल एक अक्षर नाही. नंतर आलेल्या १६५ आर १५ मधे रुंदी मिलिमीटरमधे आली पण उंचीचा आकडा तरीही नाही, कारण तेव्हा उंची रुंदीच्या साधारण ८० ते ८२ टक्के असते हे सगळ्यांना माहीत होतं. फोक्सवॅगन बीटल आणि पोर्शे ३५६ दोन्हींनी ५.६०-१५ वरून १६५ आर १५ पर्यंतचा हा प्रवास केलाय. आता दुकानात १६५ आर १५ दिसत नाही म्हणून कोणी १८५/६५ आर १५ पुढे केला तर गणित करून बघा. १६५ चे ८२ टक्के म्हणजे साधारण १३५ मिमी, त्याची दुप्पट २७१, त्यात १५ इंचाचे ३८१ मिळवले की टायरचा व्यास ६५२ मिमी येतो. १८५ चे ६५ टक्के १२०, दुप्पट २४१, अधिक ३८१ म्हणजे ६२२. तीस मिलिमीटरचा फरक! गाडी पंधरा मिलिमीटर खाली बसते, स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा खरा वेग ९५ च्या आसपास असतो आणि हायवेला इंजिन तेवढंच जास्त फिरतं, ज्या गाडीत आधीच चार गिअर आहेत आणि ओव्हरड्राइव्ह (हायवेला इंजिन कमी फिरवणारा जादा गिअर) नाही तिथे हे कानाला लगेच जाणवतं. वर चाकाची कमान रिकामी दिसते, मॅरेथॉन धावणाऱ्याच्या पायांना नाचाच्या चपला घातल्यासारखी.

रुंदीचा मुद्दा रिमशी बांधलेला आहे. बीटलची जुनी रिम ४ इंच रुंद, तेव्हाच्या कितीतरी छोट्या गाड्यांची ४ किंवा साडेचार. १८५/६५ ला निदान ५ इंचाची रिम लागते, १९५/६५ ला साडेपाच. अरुंद रिमवर रुंद टायर कोंबला तर बसतो, हवाही धरतो, पण साइडवॉल आत ओढली जाते, ट्रेड मधे फुगतो, वळणावर टायर डुलतो, म्हणजे जी पकड वाढवायला एवढा खर्च केला तीच कमी होते. माझं मत विचाराल तर मूळ रिमवर रुंद टायर हा क्लासिक गाडीतला सगळ्यात महागडा मूर्खपणा आहे. टायर कंपनीच्या तक्त्यात प्रत्येक साइजसमोर रिमची किमान-कमाल रुंदी दिलेली असते, निवड तिथून सुरू करायची.

साइजनंतर लोड इंडेक्स आणि स्पीडचं अक्षर. ८२ म्हणजे एका टायरवर ४७५ किलो, ८६ म्हणजे ५३०, ९१ म्हणजे ६१५. एस १८० किमी ताशी, एच २१०, व्ही २४०. जॅग्वार ई-टाइपसारख्या वेगवान गाडीला गाडी कधीच तेवढी पळवणार नाही म्हणून एस घालू नये, गाडीच्या क्षमतेला पुरेल तोच रेटिंग घ्यावा, इन्शुरन्सवालेही तेच विचारतात. आणि एक सापळा, जुना साइज कारच्या टायरमधे मिळत नाही पण व्हॅनच्या किंवा ट्रेलरच्या टायरमधे मिळतो. व्हॅनचा टायर, ज्याच्या साइजमागे सी असतो, हलक्या गाडीला फार कडक, उडवत नेतो आणि पावसात घसरतो. ट्रेलरचा टायर तर स्टीअरिंगच्या चाकाला लावायची वस्तूच नाही.

ट्यूब लागते की नाही हे एकटा टायर ठरवत नाही, रिमही ठरवते. तारांच्या चाकात तारांच्या भोकांतून हवा जाते म्हणून ट्यूब, आणि ट्यूब तारांच्या टोकांनी कापू नये म्हणून वर रबरी पट्टी. जुन्या स्टील रिमला बीड जागेवर धरून ठेवणारा आतला उंचवटा नसेल तर तिथेही ट्यूबच बरी. ट्यूबलेस टायरमधे ट्यूब घालताना आतली स्टिकर काढायची आणि आतून खरबरीत रेषा आहेत का बघायचं, नाहीतर ट्यूब घासून पंक्चर. ट्यूब नेहमी नवीन आणि बरोबर साइजची.

काही रिम अशा आहेत की पर्यायच नाही. मिशेलिनचा टीआरएक्स १९७५ च्या सुमारास आला आणि त्याच्या रिम मिलिमीटरमधे, ३६५, ३९०, ४१५. ३९० मिमी म्हणजे सव्वापंधरा इंचाच्या जरा वर, तिथे १५ किंवा १६ चा साधा टायर बसवायचा प्रयत्नही करू नये, बीड नीट बसत नाही आणि हवा भरताना फुटू शकतो. जुन्या बीएमडब्ल्यू, फेरारी ४०० आणि प्यूजो ५०५ मधे हे सापडतात. डनलॉपच्या डेनोव्होची, म्हणजे पंक्चर झाल्यावरही थोडा चालणाऱ्या टायरची, कथाही तीच, रिम खास. अशा वेळी एकतर तोच टायर परत बनतोय तो घ्यायचा, किंवा सरळ चाकंच बदलायची.

वय तपासायला साइडवॉलवरच्या डॉट कोडचे (DOT ने सुरू होणाऱ्या ओळीचे) शेवटचे चार आकडे बघायचे, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा. क्लासिक गाड्या वर्षाला फार चालत नाहीत, त्यामुळे ट्रेड शाबूत आणि रबर मेलेलं असा प्रकार इथे नेहमीचा. दहा वर्षांनंतर कितीही छान दिसला तरी बदलावा असं मिशेलिनसह बऱ्याच कंपन्या सांगतात, ब्रिटनमधे तर फेब्रुवारी २०२१ पासून ट्रक आणि बसच्या पुढच्या एक्सलवर दहा वर्षांहून जुना टायर चालतच नाही. कारला हा नियम नाही, पण रबर ते ओळखत नाही. म्हणून चाळीस वर्षं गोदामात पडलेला, कधीच न वापरलेला ओरिजिनल टायर मिळाला तर तो शोकेसमधे ठेवावा.

सुदैवाने जुने साइज परत बनतात. पिरेलीचे चिंतुरातो सीए६७ आणि सीएन३६, मिशेलिनचे एक्सएएस आणि एक्सडब्ल्यूएक्स त्याच जुन्या ट्रेडमधे नवीन रबराने येतात, व्रेडेस्टाइनचा स्प्रिंट क्लासिक दिसायला जुना आहे, आणि अमेरिकेची कोकर टायर दिसायला क्रॉसप्लाय पण आतून रेडियल असे व्हाइटवॉलवाले, म्हणजे बाजूला पांढरा पट्टा असलेले, टायर विकते. महाग असतात, कारण थोडेच बनतात. कॉनकोर्समधे, म्हणजे जुन्या गाड्यांच्या देखणेपणाच्या आणि अस्सलपणाच्या स्पर्धेत, गाडी उतरवायची असेल तर मात्र खरा क्रॉसप्लायच, तिथे परीक्षक टायरचा पॅटर्नही बघतात.

चारही एकदम बदलणं उत्तम. नाइलाजाने मिसळायचेच झाले तर रेडियल फक्त मागे, क्रॉसप्लाय पुढे. उलटं केलं तर पुढे घट्ट पकड आणि मागे कमी, गाडी वळणात मागून निघून जाते. एकाच एक्सलवर दोन प्रकार तर कधीच नाही. लोक विसरतात ती स्टेपनी, चार रेडियल नवे आणि डिकीत तीस वर्षांचा क्रॉसप्लाय, मग पुढचं चाक पंक्चर झालं की तो पुढेच लागतो आणि एकाच एक्सलवर दोन प्रकार होतात, त्यामुळे घेताना पाच घ्यायचे.