कडेला चिकटू नका, दिसेल असं चालवा

आमच्याकडून सायकल घेणाऱ्या आणि दुरुस्तीला टाकणाऱ्या सर्व ग्राहकांसाठी

आमच्या बेळगावच्या दुकानात शाळा-कॉलेजची मुलं येतात, उद्यमबागला शिफ्टला जाणारे कामगार येतात, गावाकडून दुधाचे कॅन लावून येणारे काका येतात. अलीकडे पहाटे हिंडलगा-सुळगा रोडने व्यायामाला जाणारी गिअरवाली मंडळीही वाढली आहेत. सायकली वेगवेगळ्या, पण रस्ता एकच, आणि त्याच रस्त्यावर कार, बस, उसाचे ट्रॅक्टर आणि गोव्याकडे जाणारे ट्रक असतात. म्हणून हे पत्रक प्रत्येक सायकलीबरोबर देतो. घरी मुलांना वाचून दाखवा.

सगळ्यात आधी कडेबद्दल. मागून हॉर्न आला की आपण घाबरून डांबराच्या अगदी काठावर जातो. तिथे डांबर तुटलेलं असतं, साइडपट्टी चार बोटं खाली असते, वर खडी आणि वाळू. चाक एकदा खाली उतरलं की वर घेताना ते काठाला घासतं आणि सायकल उजवीकडे पडते, म्हणजे नेमकी गाडीच्या बाजूला. शिवाय तुम्ही कडेला गेलात की मागच्याला वाटतं, जागा पुरेशी आहे; तो वेग कमी न करता अंगाला घासून निघून जातो. काठापासून दोन-अडीच फूट आत, सरळ रेषेत चालवा. उभ्या गाड्या दिसल्या की आत-बाहेर करू नका. अरुंद पुलावर दोघांना शेजारून जायला जागाच नसेल, तर मागे बघून, हात दाखवून थोडा वेळ लेनच्या मध्ये या आणि पूल संपल्यावर बाजू द्या. यात उद्धटपणा काही नाही. डावीकडचा रस्ता तुमच्याही हक्काचा आहे.

हायवेवर मात्र हा हट्ट नको. पुणे-बेंगळूर हायवेला सर्व्हिस रोड असेल तिथे तोच धरा, आणि तोही योग्य दिशेने. लांबचा फेरा वाचवायला उलट दिशेने येणारे रोज दिसतात. समोरून येतो म्हणजे गाडी दिसते, असं त्यांचं म्हणणं असतं. पण हिशोब बघा: तुम्ही ताशी १५ आणि मोटारसायकल ताशी ५० किलोमीटरने एकाच दिशेला असाल तर ती ३५ च्या फरकाने जवळ येते, समोरासमोर असाल तर ६५ ने. शिवाय गल्लीतून बाहेर पडणारा गाडीवाला उजवीकडेच बघत असतो. तुम्ही डावीकडून येताय हे त्याच्या ध्यानातही नसतं.

खडेबाजार किंवा शहापूरच्या पेठेत उभ्या असलेल्या कारपासून मीटरभर अंतर ठेवा. दार कधी उघडेल, सांगता येत नाही. तुम्ही स्वतः कार चालवत असाल तर उजवं दार डाव्या हाताने उघडायची सवय लावा. अंग आपोआप वळतं आणि मागून येणारा सायकलवाला दिसतो.

चन्नम्मा सर्कल, गोगटे सर्कल अशा ठिकाणी सिग्नलला थांबलेल्या बस-ट्रकच्या डाव्या बाजूने पुढे घुसू नका. ड्रायव्हर उजवीकडे उंच बसलेला असतो. केबिनला लागून डावीकडे असलेला सायकलवाला त्याला दिसत नाही. लांब गाडी डावीकडे वळली की तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत, आत कापून येतात. अशा गाडीच्या मागेच थांबा. आरसा तुम्हाला दिसत नसेल, तर ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही.

उसाचा हंगाम सुरू झाला की निपाणी, चिकोडी, हुक्केरी भागात एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लागतात. ऊस बाहेर आलेला, मागे लाइट असेलच असं नाही, आणि मागची ट्रॉली डुलत असते. शाळेची मुलं ट्रॉलीला धरून सायकल ओढत नेतात, चालत्या ट्रॉलीतून ऊस उपसतात. आईवडिलांना हात जोडून सांगतो, मुलांना हे करू देऊ नका. पाय घसरला की मूल सरळ ट्रॉलीच्या चाकाखाली जातं.

अंधाराबद्दल आम्ही जास्त आग्रही आहोत. ताशी ६० ने येणारी कार एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे येते. ड्रायव्हरला तुम्ही दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच सेकंद-दीड सेकंद जातो. गडद स्वेटर घालून तिसऱ्या शिफ्टहून परतणारा माणूस हेडलाइटमध्ये येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. मागे लाल लाइट, पुढे पांढरा लाइट, मागचा रिफ्लेक्टर पुसलेला, पेडलला पिवळे रिफ्लेक्टर एवढं हवंच. पाय वर-खाली होतो, त्यामुळे पेडलचा रिफ्लेक्टर लांबूनच सायकलचा म्हणून ओळखू येतो. कॅरिअरवर कॅन किंवा पोतं बांधलंत तर मागचा लाइट त्याच्यामागे झाकला जात नाही ना, बघा. कॅनलाच लाल रिफ्लेक्टर पट्टी चिकटवून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

पावसाळ्यात, खानापूर-जांबोटीकडे तर विशेष, ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो. उतार लागण्याआधीच ब्रेक हलका दाबून रिम पुसून घ्या. दोन्ही ब्रेक वापरा. एकटा मागचा ब्रेक दाबला की चाक घसरत जातं. शिवारातल्या ट्रॅक्टरने रस्त्यावर आणलेल्या चिखलात ब्रेकही नको आणि वळणही नको. टिळकवाडीत रेल्वे गेट ओलांडताना रूळ काटकोनात पार करा, पाऊस असेल तर उतरून चाला.

हेल्मेट भुवईच्या वर दोन बोटांवर बसावं, पट्टा हनुवटीखाली घट्ट असावा. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका.

अपघात झालाच तर १०८ ला किंवा ११२ ला फोन करा. जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देतील ही भीती अजून लोकांच्या मनात आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेलं १३४ अ हे कलम अशा माणसाला संरक्षण देतं. आपटलेली सायकल, वरून ठीक दिसली तरी, दुकानात आणा. फोर्क आणि हँडलच्या जोडाला बारीक चीर आहे का, ते आम्ही पाहून देतो. आम्ही तपासून देईपर्यंत त्या सायकलवर कुणालाही बसवू नका.