'चिपवाली टेस्ट' आणि आमच्याकडची शुगरची तपासणी
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"भाऊ, मोबाइलवर पाह्यली थे चिपवाली टेस्ट तुमच्या इथी होते का जी?" मोर्शी-वरूड भागातून येणारे ग्राहक हल्ली हे वारंवार विचारतात. लॅबच्या काउंटरवर उभ्याउभ्या दोन शब्दांत सांगता येत नाही, म्हणून हा कागद.

उत्तर आधी देऊन टाकतो. होत नाही. पैसे भरूनही होणार नाही, कारण ती रुग्णाच्या रक्ताची तपासणीच नव्हे. स्वादुपिंडातल्या पेशींचा पुंजका छोट्या चिपवर ठेवून तो किती इन्सुलिन सोडतो ते मोजणारं ते संशोधकांचं यंत्र आहे, पण त्यात जे मोजतात ते समजून घेण्यासारखं आहे.

पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड असतं. त्यात पेशींचे बारीक पुंजके असतात. १८६९ मध्ये बर्लिनच्या पॉल लँगरहॅन्स या विद्यार्थ्यानं ते पहिल्यांदा नोंदवले, म्हणून त्यांना लँगरहॅन्सची बेटं म्हणतात. समुद्रातलं बेट आठवत नसेल तर बांबूचं बेट आठवा; तसेच दाटीवाटीनं उभे. एक बेट मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं, आणि अशी सुमारे दहा लाख. तरी सगळी मिळून स्वादुपिंडाच्या वजनाच्या एक-दोन टक्केच. त्यातल्या बीटा पेशी इन्सुलिन सोडतात, त्यानं साखर उतरते. अल्फा पेशी ग्लुकागॉन सोडतात, त्यानं यकृतातली साखर रक्तात येते. मधुमेहात बिघाड फक्त इन्सुलिनचा असतो असं आपण धरून चालतो. टाइप २ च्या, म्हणजे सहसा मोठेपणी होणाऱ्या नेहमीच्या मधुमेहाच्या, बऱ्याच रुग्णांत जेवणानंतर ग्लुकागॉन जसं दबायला हवं तसं दबत नाही, ही दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही.

आता चिप. संत्र्याच्या बगीच्यात ठिबक पाहिलीच आहे. तीच लॅटरल नळी केसाएवढी बारीक करून काचेच्या किंवा पारदर्शक सिलिकॉन रबराच्या तुकड्यात कोरली, की झाली चिप. केसाएवढ्या रुंदीची, एक सेंटिमीटर लांब नाली घेतली तर तिच्यात मावणारं द्रव रक्ताच्या एका थेंबाचा साधारण पाचशेवा भाग. या नालीत उंदराचं, किंवा अवयवदात्याच्या स्वादुपिंडातून काढलेलं एखादं बेट बसवतात. वरून आधी कमी साखरेचं पाणी सोडतात, शुगरच्या रिपोर्टमधल्या मापानं ५० मिलिग्रॅमच्या आसपासचं, मग एकदम ३०० चं. खालच्या टोकाला किती इन्सुलिन आलं ते मोजत राहतात.

एवढी बारीक नाली कशाला? एका बेटानं सोडलेलं इन्सुलिन वाटीभर द्रवात टाकलं तर विहिरीत चिमूटभर मीठ टाकल्यासारखं. चव लागणार नाही. आणि जुन्या पद्धतीत बेटं तासभर वाटीत ठेवून शेवटी एकच आकडा मिळतो. रात्रभर मोटर चालवून सकाळी टाकं मोजलं तर पाणी किती आलं ते कळेल. मोटर मधेच झटके देत होती का, ते कळणार नाही. स्वादुपिंडाची खरी गोष्ट त्या झटक्यांत आहे. साखर वाढताच पहिल्या पाच-दहा मिनिटांत इन्सुलिनचा एक जोरदार लोंढा येतो, मग दुसरा, संथ आणि लांबणारा. शिवाय साधारण दर पाच मिनिटांनी लहान लहान उसळ्या. टाइप २ मध्ये आजाराच्या सुरुवातीलाच हा पहिला लोंढा नाहीसा होऊ लागतो. तो पकडायचा तर काही सेकंदांच्या अंतरानं मोजावं लागतं, आणि ते चिपमध्ये जमतं. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या रॉबर्ट केनेडी यांच्या गटानं यावर बरंच काम केलं आहे.

मोजणी मोठी गमतीची आहे. इन्सुलिनला धरून ठेवणारी प्रतिपिंडं म्हणजे काळीपिवळीतल्या सीटा समजा, मोजक्या. चमकणारा रंग लावलेलं इन्सुलिन म्हणजे पिवळा फेटा बांधलेले प्रवासी, तेही मोजके. बेटाकडून साधे प्रवासी जितके जास्त येतील तितके फेटेवाले स्टँडवर उभे राहतील. बसलेले आणि उभे विजेच्या दाबानं वेगळे करायचे, लेसरखाली फेटे मोजायचे. ही सीटांच्या चढाओढीची युक्ती रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांची. त्यांनी रंगाऐवजी किरणोत्सारी खूण वापरली होती. यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल मिळालं.

अडचणीही ठिबकच्याच. हवेचा बुडबुडा अडकला की सगळं ठप्प, आणि इन्सुलिन नालीच्या भिंतीला चिकटतं. ग्लुकागॉन त्याहून कमी असतं, म्हणून ते पकडणं आणखी जिकिरीचं. तरीही औषध बेटावर काय करतं, रोपणासाठी काढलेली बेटं जिवंत आहेत की नुसती दिसायला चांगली, हे पाहायला ही चिप कामाची आहे.

"मग बोटाच्या थेंबावर घरच्या मीटरसारखं इन्सुलिन का नाही मोजत?" हा एका शिक्षक ग्राहकांचा प्रश्न, आणि नेमका. उपाशी पोटी रक्तात साखर इन्सुलिनच्या वीस-तीस लाखपट असते, वजनानं. ढिगातून ज्वारी मोजणं वेगळं आणि त्यातला एक ठरावीक दाणा शोधणं वेगळं.

यावरून एक सावधगिरी. हातात दांडी धरायला लावून दोन मिनिटांत 'स्वादुपिंडाचा रिपोर्ट' छापून देणारं मशीन विकायला आमच्याकडेही माणूस आला होता. आम्ही घेतलं नाही. त्वचेवरून इन्सुलिन कळत नाही, एवढंच सांगतो.

तुमचं स्वादुपिंड अजून किती इन्सुलिन बनवतं, हे पाहायची साधी वाट म्हणजे सी-पेप्टाइड. बीटा पेशी आधी एक लांब साखळी बनवते आणि ती तोडून एक इन्सुलिन, एक सी-पेप्टाइड सोडते. इन्सुलिन पाच-सहा मिनिटांत अर्धं उरतं, सी-पेप्टाइडला तेवढं व्हायला अर्धा तास लागतो. टोचून घेतलेल्या इन्सुलिनमध्ये ते नसतंच. म्हणून सुई चालू असली तरी घरचं उत्पादन किती ते कळतं. लोंढे आणि उसळ्या मात्र यात दिसत नाहीत. ही टाक्याची मोजणी आहे. डॉक्टरांनी लिहिली तरच करा, दरवेळच्या शुगर तपासणीला ती लागत नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर सांगा, त्यात आकडा उगाच वाढतो. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगा, काही पद्धतींत रिपोर्ट चुकतो.

आणि एक गोष्ट, जी आमच्या भागात चिपपेक्षा फार महत्त्वाची आहे. घरात सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) असेल, त्याचं कार्ड असेल, तर एचबीए-१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, द्यायच्या आधी बोला. सिकलसेलच्या रुग्णात तांबड्या पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला वेळ मिळत नाही, आणि तीन महिन्यांचा आकडा खोटा कमी येतो. "६ आला, सगळं ठीक" म्हणून गोळी सोडू नका. अशा वेळी उपाशी आणि जेवणानंतरची साखर पाहावी लागते, किंवा डॉक्टर फ्रुक्टोसामिन (दोन-तीन आठवड्यांची साखर दाखवणारी तपासणी) लिहितात.

सी-पेप्टाइडचा नमुना आम्ही इथे वेगळा करून बर्फात नागपूरला पाठवतो. गावात येऊन घेतलेल्या रक्तावर ही तपासणी करत नाही. मे महिन्यात मोटारसायकलच्या डिक्कीत तो नमुना टिकत नाही. उपाशी पोटी, सकाळी नऊच्या आत या. बाजाराच्या दिवशी गर्दी असते, उपाशी आलेल्यांनी रांगेत न थांबता खिडकीवर सांगावं, त्यांना आधी घेतो. बाहेरच्या टपरीवर चहा झाला असेल तर लपवू नका, दुसऱ्या दिवशी या.