बदकांच्या कळपात तरुण मादीचा समावेश

नर असलेल्या जुन्या कळपात बाहेरून आणलेली किंवा वेगळी वाढवलेली तरुण मादी टप्प्याटप्प्याने सोडण्याची पद्धत. तरुण मादी म्हणजे पिसे पुरती भरलेली, पण अजून अंड्यावर न आलेली. कोंबडीच्या बाबतीत जिला तलंग म्हणतात, तोच हा टप्पा. वाढलेल्या शरीराकडे पाहून ती पूर्ण वयाची वाटते, आणि बहुतेक घोटाळे तेथूनच सुरू होतात.

मस्कोव्ही (अमेरिकेतून आलेले वेगळ्या जातीचे मोठे बदक) वगळता सर्व पाळीव बदके मॅलार्ड या रानबदकाची वंशज मानली जातात. ती केव्हा व कोठे माणसाळली, याविषयी एकमत नाही. चीन हे मुख्य केंद्र असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. काळ निदान दोन हजार वर्षांमागचा, एवढेच सावधपणे म्हणता येते. युरोपात हे स्वतंत्रपणे घडले का, हा वाद जुना आहे. इ. स. पहिल्या शतकातील रोमन कृषिलेखक कोल्युमेला दलदलीतून बदकांची अंडी गोळा करून ती कोंबडीखाली उबवण्याचा आणि बदके उडून जाऊ नयेत म्हणून आवारावर जाळे पसरण्याचा सल्ला देतो. पुरत्या माणसाळलेल्या पक्ष्यासाठी अशी खबरदारी कोणी सांगणार नाही; त्यामुळे त्या काळी तेथील बदक अर्धे रानटीच होते, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

या वादाचा प्रस्तुत विषयाशी संबंध नराच्या वागणुकीपुरता आहे. रानातला मॅलार्ड नर हंगामापुरती एका मादीशी जोडी बांधतो आणि ती अंडी उबवू लागली की तिला सोडतो. जोडीबाहेरच्या माद्यांवर जबरीने चढण्याची प्रवृत्तीही त्याच्यात आहे. पाळीव नरात जोडीचे बंधन बरेच सैल झाले, जबरीची प्रवृत्ती मात्र टिकली. शरीररचनेतही तिच्या खुणा आहेत. नराचे शिश्न घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने पिळलेले असते, तर मादीचा योनिमार्ग सुलट पिळाचा व आंधळ्या, म्हणजे टोक बंद असलेल्या, कप्प्यांचा असतो, हे पॅट्रिशिया ब्रेनन व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले. ही रचना नको असलेल्या समागमाला अडथळा म्हणून विकसित झाली असावी, हा त्यांचा अर्थ आता बऱ्याच अंशी मान्य आहे. तो अडथळा फलनापुरता आहे. चढताना नर मान चोचीत धरतो, त्याने होणारी जखम टळत नाही.

माद्यांमधील भांडण त्या मानाने सौम्य असते. टोचण्याचा क्रम, म्हणजे कळपात कोणी कोणाला टोचायचे याची ठरलेली उतरंड, ही कल्पना नॉर्वेच्या थोर्लीफ श्येल्डरुप-एब्बे यांनी १९२१–२२ च्या सुमारास कोंबड्यांवरून मांडली. बदकांत असा क्रम असतो, पण तो ढिला असतो. एखादी जुनी मादी मान खाली ताणून, एका खांद्यावरून चोच नव्या मादीकडे वारंवार रोखत आणि कर्कश ओरडत नराभोवती फिरताना दिसते. नराला चिथावणारा हा आविष्कार कोनराड लोरेन्झ यांनी १९४१ च्या बदककुळावरील अभ्यासात वर्णिला आहे. तो दिसला की पाठलाग थोड्याच वेळात सुरू होईल, असे समजावे.

मादी १६ आठवड्यांच्या आत नराबरोबर सोडू नये; १८ ते २० आठवडे अधिक बरे. लिंगाची खात्री आधी आवाजावरून करावी: सुमारे ८ आठवड्यांपासून मादी मोठ्याने स्पष्ट ओरडते, नराचा आवाज घोगरा व दबका येतो. शेपटीवरचे नराचे वळलेले पीस त्यानंतर काही आठवड्यांनी उगवते.

बाहेरून आलेली मादी ३० दिवस विलग ठेवावी, तिची भांडी व पादत्राणे वेगळी असावीत, आणि तिची निगा कळपाची कामे आटोपल्यावर घ्यावी. बदकांचा प्लेग हा नागीण कुळातील विषाणूचा रोग १९२३ मध्ये नेदरलँड्समध्ये प्रथम वर्णिला गेला. त्यातून वाचलेला पक्षी धडधाकट दिसत असूनही विषाणू पसरवू शकतो.

त्यानंतर ७ ते १४ दिवस जाळीआडची ओळख. जाळीची भोके अडीच सेंटिमीटरपेक्षा लहान असावीत, नाहीतर डोके अडकते. दाणा जाळीच्या दोन्ही बाजूंना लागून ठेवला की सगळे जवळ येऊन खातात. कोंबड्यांच्या पालनातून आलेली, रात्री अंधारात गुपचूप सोडण्याची युक्ती येथे फारशी उपयोगी नाही. बदके दांडीवर गाढ झोपत नाहीत. रात्रीही ती बराच वेळ जागी असतात, आणि बंद खुराड्यात नवी मादी कोपऱ्यात सापडते.

जाळी काढल्यावर नरासह सर्वांत एकदम सोडावे, की आधी फक्त माद्यांत, याबाबत बदके पाळणाऱ्यांत दोन पक्ष आहेत. पहिल्यात वेळ वाचतो, पण दुसरी रीत स्पष्टपणे चांगली. नरालाच ७ ते १० दिवस जाळीआड घालावे, नवी मादी माद्यांत रुळू द्यावी, मग नराला परत आणावे. परतलेला नर थोडासा उपराच ठरतो, आणि मादीला तोवर पळवाटा ठाऊक झालेल्या असतात. एकटीऐवजी दोघी-तिघी एकदम सोडल्या तर रोख वाटला जातो.

सकाळी, दिवसभर लक्ष ठेवता येईल अशा वेळी सोडावे. दाण्याची व पाण्याची भांडी निदान दोन-दोन आणि दूर असावीत. आडोशासाठी तिरक्या फळ्या चालतात, मात्र दोन्ही टोके उघडी हवीत. काहीजण तळ्यात सोडणे पसंत करतात, कारण मादी बुडी मारून सुटते. जड जातींत आणि अननुभवी मादीत हे धोक्याचे आहे. नर मानेचे कातडे चोचीत धरून वर चढतो, डोके पाण्याखाली जाते, आणि दोन नर असतील तर ती बुडते. पहिले काही दिवस डोळे-नाकपुड्या धुण्यापुरते १०–१५ सेंटिमीटर पाणी पुरे.

काही सेकंदांचा पाठलाग, छातीचे एखादे पीस उपटणे, हे चालायचेच. मानेमागचा भाग उघडा पडणे, रक्त, लंगडणे, किंवा मादी खंगून छातीचे हाड हाताला धारदार लागणे, ही थांबण्याची खूण. मूळ कारण बहुधा प्रमाणात असते: हलक्या जातींत एका नरामागे ५–७, जड जातींत ३–५ माद्या हव्यात. वसंतात दिवस वाढू लागले की नराचा जोर वाढतो. तेव्हा नवी मादी आणणे टाळावे.

खाद्याचा प्रश्न सहज निसटतो. अंड्यावरच्या माद्यांच्या खाद्यात कॅल्शियम ३ ते ४ टक्के असते. अंडी न घालणाऱ्या तरुण मादीच्या मूत्रपिंडांना ते जड जाते, नरालाही नको असते. सर्वांना वाढीचे, सुमारे १ टक्का कॅल्शियमचे खाद्य द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा.

मस्कोव्ही नराचे वजन मादीच्या जवळजवळ दुप्पट असते व नख्या तीक्ष्ण असतात. इतर जातीची लहान मादी त्याच्यात सोडूच नये. अशा संकराची पिल्ले वांझ निघतात.

जखमी मादी बाजूला घेतल्यास तिला कळपाच्या नजरेसमोरच, जाळीआड ठेवावे. दोन-तीन आठवडे दृष्टीआड राहिलेली मादी कळपाला पुन्हा परकी वाटू शकते, आणि जाळीआडच्या ओळखीपासून सुरुवात करावी लागते.