दारं सागाची, फरशी सागासारखी

नाशिकच्या तिडके कॉलनीत माझ्या आत्याचा जुना बंगला आहे. दारं, चौकटी, चौकटींभोवतीच्या पट्ट्या, सगळं सागवानी. तिच्या सासऱ्यांनी सुताराच्या डोक्याशी उभं राहून करून घेतलेलं. यंदा तिने आतली जुनी मोझॅक फरशी काढून लाकडासारख्या दिसणाऱ्या व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या. रंग दारांशी जुळला पाहिजे हा तिचा हट्ट होता, म्हणून एका चौकटीची सुटी झालेली पट्टी पिशवीत घालून ती दुकानात गेली. टाइलवर पट्टी ठेवून पाहिली. तिला फरक दिसेना, मला दिसेना, सोबत आलेल्या सुतारालाही दिसेना.

फरशी बसली. संध्याकाळी साडेपाचला पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आलं आणि दारं तांबूस, फरशी राखट हिरवट दिसायला लागली. आत्याने तिथूनच दुकानदाराला फोन लावला. "तुम्ही दुसराच लॉट पाठवलात." तो म्हणाला, "ताई, खोक्यावरचा शेड नंबर बघा." नंबर तोच होता. लॉटही तोच.

त्या फोनवर दोघंही खरं बोलत होते. फसवणूक झाली होती ती डोळ्यांची, आणि तीही अगदी नियमाने झाली होती. दोन वस्तूंचे रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्या उजेडात जुळत नाहीत, या प्रकाराला रंगशास्त्रात मेटामेरिझम म्हणतात. नूतनीकरणावर लाखो रुपये घालणाऱ्या माणसाला हा शब्द कुणी सांगत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

शाळेत आपण शिकलो की पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग असतात आणि वस्तू त्यातले काही शोषते, काही परत पाठवते. हे बरोबर आहे. फक्त पुढचा भाग राहून जातो. परत आलेल्या प्रकाशात कोणत्या तरंगलांबीचा किती वाटा आहे, हे आपल्या डोळ्याला कळतच नाही. साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर एवढा पट्टा आपल्याला दिसतो, आणि तो मोजायला डोळ्यात शंकुपेशींचे प्रकार आहेत फक्त तीन. एक निळ्या बाजूला जास्त संवेदनशील, दुसरा हिरव्याच्या आसपास, तिसरा पिवळसर हिरव्याकडून लालकडे झुकलेला. प्रत्येक प्रकार आपल्या वाट्याला आलेला सगळा प्रकाश एकत्र करतो आणि मेंदूकडे एकच आकडा पाठवतो. तीन प्रकार, तीन आकडे. रंग म्हणून आपण जे अनुभवतो ते या तीन आकड्यांवर उभं असतं.

आपल्याकडच्या बाजार समितीचं उदाहरण घेतो. दोन शेतकरी आले. पहिल्याच्या गाडीत १० क्विंटल कांदा आणि १० क्विंटल टोमॅटो. दुसऱ्याच्या गाडीत नुसता कांदा, २० क्विंटल. हिशेबाच्या सोयीसाठी धरू की आज दोन्हींचा भाव १,५०० रुपये क्विंटल आहे. दोघांच्या हिशेबपट्टीवर एकच रक्कम येईल, ३०,००० रुपये. गाड्या न बघता नुसती रक्कम बघणारा माणूस म्हणेल, दोघांचा माल सारखाच. दुसऱ्या दिवशी कांदा २,००० झाला आणि टोमॅटो १,००० वर आला. तेवढाच माल घेऊन दोघं पुन्हा आले, तर पहिल्याला मिळतील ३०,००० आणि दुसऱ्याला ४०,०००. माल होता तसाच आहे. बदलला तो भाव.

इथे माल म्हणजे वस्तू कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश परत पाठवते ते. भाव म्हणजे वरून पडणाऱ्या उजेडात ती तरंगलांबी किती आहे ते. आणि शंकुपेशी म्हणजे गाडी न बघता फक्त रक्कम वाचणारा तो माणूस. आत्याची पट्टी आणि टाइल या दोन वेगळ्या गाड्या होत्या. दुकानातल्या उजेडाच्या भावात त्यांची रक्कम जुळली, उन्हाच्या भावात जुळली नाही.

आता गाड्यांमध्ये काय होतं ते बघू, कारण मला यातला हाच भाग सर्वात सुंदर वाटतो. सागाचा तपकिरी रंग येतो तो लिग्निन आणि लाकडातल्या इतर सेंद्रिय रेणूंमुळे. हे रेणू जांभळा आणि निळा प्रकाश भरपूर शोषतात, आणि लालकडे जावं तसं शोषण कमी होत जातं. परावर्तनाचा आलेख काढला तर तो चढणीच्या रस्त्यासारखा दिसतो: डावीकडे निळ्यात खाली, उजवीकडे लालमध्ये वर, मधे मोठे खाचखळगे नाहीत. टाइलवरचा 'साग' मात्र छापलेला असतो. त्यात लाकडाचा अंशही नसतो. सिरॅमिक छपाईच्या शायांमध्ये भट्टीचं तापमान सोसणारी धातूंची संयुगं असतात: तपकिरीसाठी लोह आणि क्रोमियमची, पिवळ्यासाठी झिरकॉनमध्ये बसवलेलं प्रासिओडायमियम, निळ्यासाठी कोबाल्ट. या मोजक्या शायांचे ठिपके कमी-जास्त करून तपकिरी साधतात. प्रत्येक शाईचं शोषण आपापल्या जागी, त्यामुळे आलेखाला उंचवटे आणि सपाट्या येतात. लॅमिनेटवरही लाकडाचं चित्र कागदावर तीन-चार शायांनीच छापलेलं असतं.

थोडं गणित करू. ४०० ते ७०० पर्यंत दर १० नॅनोमीटरला एक मोजमाप घेतलं तर प्रत्येक पृष्ठभागाचा आलेख म्हणजे ३१ आकड्यांची यादी. डोळा त्या ३१ आकड्यांतून ३ बेरजा काढतो. ३१ अज्ञातांना ३ समीकरणं, म्हणजे २८ दिशा मोकळ्या राहतात. त्या २८ दिशांत आलेख कसाही हलवला तरी तिन्ही बेरजा तशाच राहतात. दोन जुळणाऱ्या आलेखांची वजाबाकी केली तर उरणारा आलेख डोळ्याच्या लेखी शून्य असतो. त्याला मेटामेरिक ब्लॅक असं फार समर्पक नाव आहे: अस्तित्वात असलेला पण डोळ्याला काळोखासारखा वाटणारा फरक. आणि तिन्ही बेरजा शून्य व्हायच्या तर हा फरक कुठे धन, कुठे ऋण असावाच लागतो. म्हणून एका उजेडात जुळलेले दोन वेगळे आलेख एकमेकांना किमान तीन ठिकाणी छेदतात. उजेड बदलला की बेरजांची वजनं बदलतात, आणि तो शून्य फरक शून्य राहत नाही. म्हणजे टाइलचा साग खऱ्या सागाशी जुळला, तर तो जवळजवळ नेहमी एखाद्या ठरावीक उजेडापुरताच जुळतो.

राहिला उजेड. दुकानात एलईडीचे पॅनेल होते. पांढरा एलईडी आतून निळाच असतो. ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश पिवळसर फॉस्फरवर पडतो, फॉस्फर त्यातला काही गिळून पिवळा पट्टा बाहेर टाकतो, आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. हा निळा एलईडी घडवल्याबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकीचं नोबेल मिळालं, आणि ते रास्तच आहे. पण या पांढऱ्या प्रकाशात निळ्याचं टोकदार शिखर आहे, त्याच्या पुढे ४८० जवळ खळगा आहे आणि गडद लाल पोहोचेपर्यंत तो क्षीण होतो. संध्याकाळच्या उन्हाची गोष्ट उलटी. निळा भाग वातावरणात विखरून गेलेला आणि लाल भरभरून. सागाचा आलेख तर लालमध्ये चढतच असतो. टाइलचा तिथे सपाट झाला असेल, तर दुकानातल्या उजेडाखाली ते उघड होत नाही, कारण तिथे लालचा भावच पडलेला. साडेपाचला तो भाव चढतो आणि साग तांबूस होऊन फरशीपासून वेगळा पडतो.

बल्बच्या खोक्यावर सीआरआय ८० असं काहीतरी छापलेलं असतं. उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं हे माप. पण ती सरासरी आठ फिकट रंगांवर काढतात. भडक लाल रंगाचा वेगळा आकडा आर ९ म्हणून मोजतात, आणि तो या सरासरीत धरत नाहीत. ८० चा बल्ब लालमध्ये सपशेल नापास असू शकतो. लाकूड असलेल्या घरात ९० च्या वरचा बल्ब घ्यावा, आणि आर ९ छापलेला असेल तर तोही वाचावा.

"डोळ्याला सवय होते की," असं आत्याचे यजमान म्हणाले. होते, पण अर्धीच. पिवळ्या दिव्याखाली थोडा वेळ बसलं की पांढरी भिंत पांढरी वाटू लागते, कारण मेंदू सगळ्या दृश्यातला पिवळेपणा एकत्रच वजा करतो. दोन वस्तूंमधला आपसातला फरक मात्र त्याला पुसता येत नाही. दार आणि फरशी शेजारीशेजारी असतील तर तो दिसतच राहतो.

उलट शेजारामुळे तो वाढतो. फ्रान्समधल्या गोब्लँ विणकामशाळेत शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाईचे प्रमुख होते. काळा धागा फिका दिसतो अशा तक्रारी आल्या, तेव्हा त्यांना आढळलं की रंगात खोट नाही, शेजारच्या धाग्याचा रंग काळ्याला बिघडवतोय. १८३९ मध्ये त्यांनी हे सविस्तर मांडलं. दोन रंग एकमेकांना चिकटले की मेंदू त्यांच्यातला फरक ताणून दाखवतो. आपल्या जुन्या घरांत लाकडी चौकट आणि फरशी यांच्यामध्ये काळ्या दगडाचा उंबरठा यायचा. नूतनीकरणात पाय अडखळतो म्हणून तो काढतात आणि टाइल थेट चौकटीला भिडवतात. मला हे पटत नाही. दीड-दोन इंचांची काळ्या ग्रॅनाइटची पट्टी, अगदी फरशीच्या पातळीत, टाकली तरी दोन तपकिरी रंगांची कड एकमेकींना लागत नाही.

आत्याकडे या फरकावर आणखी एक उपाय सुचवला गेला. ओळखीच्या एका वास्तुसल्लागाराने सांगितलं की पश्चिमेला तपकिरी फरशीमुळे घराची ऊर्जा विसंवादी झाली आहे, उंबरठ्याखाली तांब्याची पट्टी पुरा. तांब्याची पट्टी फरशीखाली गेल्यावर तिचा वरच्या उजेडाशी संबंध उरत नाही. घाबरलेल्या माणसाला असं सांगून पैसे घेणं मला चुकीचं वाटतं, आणि ते मी तिथेच सांगितलं. दिव्याचा बल्ब बदलून बघा, दोन मिनिटांत फरक कमी-जास्त होताना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. मोबाइलवर फोटो काढून शेड जुळवून देणाऱ्या अ‍ॅपचंही तेच. कॅमेऱ्याचे तीन संवेदक आपल्या शंकुपेशींसारखे नसतात, वर फोन स्वतःच्या अंदाजाने पांढरा रंग ठरवतो. त्याची बेरीज तिसरीच.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. साग थांबलेला नसतो. नवा रंधलेला साग डागाळलेला, मळकट हिरवट असतो, उजेडात राहून तो एकसारखा सोनेरी तपकिरी होतो. त्यावरचं जुनं पॉलिश वर्षांनुवर्षं पिवळं पडत जातं. आत्याच्या दारावर जिथे कॅलेंडर टांगायचे तिथे अजून वेगळ्या रंगाचा चौकोन दिसतो. भट्टीतून निघालेली टाइल मात्र आहे तशीच राहते. आज जुळवलेली जोडी दहा वर्षांनी आपोआप विस्कटणार.

म्हणून माझं मत असं आहे की खऱ्या सागाशी फरशी जुळवायला जाऊच नये. दारं, चौकटी आणि पट्ट्या एका लाकडाच्या, एका पॉलिशच्या ठेवाव्यात. फरशी स्पष्टपणे फिकी किंवा स्पष्टपणे गडद घ्यावी, किंवा सरळ दगडी. फरक मोठा असला की उजेडाने होणारा थोडा बदल त्यात मुरून जातो. थोडक्यात चुकलेली जोडी चूक म्हणून दिसते, लांबची जोडी निवड म्हणून दिसते. स्कर्टिंग दाराच्या रंगाचं करू नका, भिंतीच्या किंवा फरशीच्या बाजूने जाऊ द्या. नमुना दुकानात पारखू नका. तीन-चार पूर्ण टाइल्स घरी आणा, जमिनीवर आडव्या ठेवा (हातात उभ्या धरल्या तर उजेडाचा कोन बदलतो) आणि सकाळी, संध्याकाळी आणि रात्री दिवे लावून बघा. आणि जुन्या फरशीवरच नवी बसवणार असाल तर पातळी वाढते, दारं खालून तासावी लागतात. ते पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असताना मोजून घ्या, नाहीतर आषाढात दार घासेल.

आत्याने दिवाणखान्यातली फरशी काढली नाही. दारांच्या खाली काळ्या ग्रॅनाइटच्या पट्ट्या आल्या आणि बल्ब बदलले. आता मागच्या खोलीचं काम काढलंय. परवा गेलो तेव्हा सागवानी दारापाशी चार टाइल्स ओळीने मांडलेल्या होत्या, तीन फिक्या आणि एक जवळजवळ काळी. मी एक उचलून बघायला गेलो तर आत्या म्हणाली, "ठेव रे खाली. अजून पाचच वाजलेत, ऊन यायचंय."