चामड्याचा सोफा: तुकडा पाहून नव्हे, अख्खे कातडे पाहून ठरवावा

सोफ्यासाठी चामडे निवडताना अनेक ग्राहक तळहाताएवढा नमुना पाहून होकार देतात आणि काम अर्ध्यावर आल्यावर पाठीवरची एखादी रेघ किंवा हाताच्या भागाची किंचित निराळी छटा दाखवून ते थांबवायला सांगतात. तोवर चामडे कापून, शिवून फ्रेमवर ताणलेले असते. कापडाची शिलाई उसवली तर सुईची छिद्रे बहुधा मिटतात, चामड्यात मात्र ती कायम राहतात. त्यामुळे उसवलेला भाग त्या जागी पुन्हा वापरता येत नाही आणि नवे कातडे कापावे लागते. वेळ सर्वाधिक इथेच जातो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

फर्निचरचे चामडे मुख्यतः गुरांच्या कातड्याचे असते. मिठात टिकवलेले कातडे भिजवून चुना आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात त्यावरचे केस काढतात, आतल्या बाजूचे मांस खरवडतात आणि जाड कातडे यंत्रावर जाडीत चिरून त्याचे दोन थर करतात. केसांची रंध्रे असलेला वरचा थर म्हणजे ग्रेन. त्यातले तंतू घट्ट विणलेले असल्याने तो टिकतो. खालचा थर, म्हणजे स्प्लिट, त्या मानाने कमकुवत असतो आणि वरून रंगाचा थर देऊन तो ग्रेनसारखा दाखवता येतो. कातडे कमावणे, म्हणजे ते कुजू नये म्हणून करायची प्रक्रिया, क्रोमियमच्या क्षारांनी साधारण एका दिवसात होते, तर झाडांच्या साली किंवा हिरड्याच्या अर्काने करायचे झाल्यास अनेक आठवडे लागू शकतात. सालीने कमावलेले चामडे पट्टे आणि खोगिरांना उत्तम, परंतु गादीवर ते ताठर वाटते, म्हणून आम्ही सोफ्यासाठी बहुधा क्रोमचेच सुचवतो. पुढे ते साधारण 1 ते 1.2 मिलिमीटर जाडीपर्यंत तासून पिंपात रंगवतात व तेल पाजतात. हाताला जाणवणारा मऊपणा बराचसा या तेलामुळे येतो, त्यामुळे केवळ मऊ आहे म्हणून चामडे उंची समजू नये.

आता त्या रेघांविषयी. जनावर हयात असताना काटेरी तारेचे ओरखडे, कीटकांचे चावे, मानेवरच्या वळ्या आणि शिरांच्या खुणा कातड्यावर उमटतात, आणि कमावल्याने त्या जात नाहीत. ॲनिलीन प्रकारात रंग चामड्यात मुरतो पण पृष्ठभाग झाकला जात नाही, म्हणून या खुणा स्पष्ट दिसतात. खुणा जास्त असलेल्या कातड्याचा पृष्ठभाग घासून, त्यावर रंगाचा जाड थर देऊन, साच्याने कृत्रिम रंध्रे उठवतात. तेव्हा जे चामडे टोकापासून टोकापर्यंत अगदी एकसारखे दिसते, ते बहुधा अधिक झाकलेले असते. अर्थात झाकलेले म्हणजे वाईट नव्हे. घरात लहान मुले किंवा पाळीव प्राणी असतील, अथवा सोफा उन्हात येणार असेल, तर महागडे ॲनिलीन घेऊ नये, हे आम्ही स्वतःहून सांगतो. ते डाग पटकन शोषते आणि उन्हात लवकर फिकट होते.

अख्खे कातडे सर्वत्र सारखे नसते. पाठीचा भाग घट्ट असतो, पोटाचा सैल आणि ताणला जाणारा. बैठकीला पोटाकडचा भाग लावला तर ती लवकर ढिली पडते, म्हणून तो आम्ही मागच्या, न टेकण्याच्या बाजूला वापरतो. वाकड्या कडा, छिद्रे आणि खोल ओरखडे वगळताना कातड्याचा साधारण चौथा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक वाया जातो. चामड्याचे माप सोफ्याच्या मापापेक्षा जास्त का धरले, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. पोटाकडचे चामडे बैठकीला लावले तर अंदाजपत्रक निश्चितच कमी दिसेल, पण तसे काम आम्ही घेत नाही.

म्हणून कापण्यापूर्वी आपण एकदा प्रत्यक्ष यावे, हा आमचा आग्रह असतो, आणि तो काहींना जाचक वाटतो याची आम्हाला कल्पना आहे. सगळी कातडी आम्ही दिवसाच्या उजेडात जमिनीवर अंथरतो, कोणता भाग कुठे येणार हे खडूने आखतो आणि नको असलेली खूण आपल्यासमोर वगळतो. त्यानंतर आपली सही घेऊनच कात्री लावतो. पूर्ण संचाची कातडी एकाच रंगाच्या लॉटमधून घेतली जातात, कारण दुसऱ्या लॉटची छटा हुबेहूब जुळेल याची हमी कोणीच देऊ शकत नाही. पुढे एखादी खुर्ची जोडायची इच्छा असेल तर ती याच वेळी सांगावी.

चामड्याचा चुरा चिकटवून बनवलेले बाँडेड प्रकारचे आवरण आम्ही ठेवत नाही. काही वर्षांत त्याचे पापुद्रे निघू लागतात आणि त्यावर दुरुस्तीचा टिकाऊ उपाय नसतो. याउलट ग्रेनच्या चामड्यावर ओरखडा आला तर बहुतेक वेळा तो भरून रंगवता येतो, म्हणून उरलेले वापरण्याजोगे तुकडे आम्ही सोफ्याबरोबरच देतो. रंगाची पडताळणी करण्यासाठी ते उपयोगी पडतात, तेव्हा ते जपून ठेवावेत आणि दुरुस्तीसाठी येताना सोबत आणावेत.