विष घातलं की साथ आली?

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधली तीन पिल्लं आठवडाभरात गेली. पहिलं गेलं त्याच दिवशी "कुणीतरी विष घातलं" हे ठरून टाकलं गेलं. तळमजल्यावरच्या एका काकांना मांजरांचा राग होता, त्यांच्याशी निम्म्या इमारतीने बोलणं टाकलं. तिसरं पिल्लू आम्ही दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं की काकांचा काही संबंध नव्हता. पॅनल्यूकोपेनिया होता, ज्याला मांजरांचा पार्वो म्हणतात तो विषाणूचा साथीचा आजार.

फसायला होतं, कारण दोन्हींत मांजर खाणं सोडतं, ओकतं, कोपरा धरतं, आणि काल पडद्यावर चढणारं पिल्लू आज हातात चिंधीसारखं लोंबतं. ओकारीच्या रंगावरून निवाडा करू नका. पिवळं पित्त दोन्हींत पडतं.

मी आधी विचारते, आजारी कोण पडलं आणि कोणत्या क्रमाने? पॅनल्यूकोपेनिया लस न झालेल्या पिल्लांना गाठतो, आणि एकामागून एक. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला दोन ते दहा दिवस लागतात, म्हणून दोन मृत्यूंमध्ये दिवसांचं अंतर पडतं. विषाला वय कळत नाही. एकाच रात्रीत धिप्पाड बोका, म्हातारी भाटी आणि पिल्लू असे तिघंही आडवे झाले, तर विषाची शंका रास्त आहे.

मग ताप. मांजराचं नेहमीचं तापमान साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. पार्वोत ते सुरुवातीला १०४च्या वर जातं, आणि शेवटी अंग गार पडतं. म्हणजे उशिरा मोजलं तर ताप सापडणारच नाही. शिवाय विषाने झटके येणारं मांजरही तापतं. त्यामुळे थर्मामीटर हा अर्धाच साक्षीदार. या आजाराची आणखी एक खूण मला विसरता येत नाही: पिल्लू पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसतं. तहान आहे, पण पीत नाही.

विषाची खूण बहुधा पोटाच्या पलीकडे दिसते. लाळ गळणं, थरथर, चालताना झोकांड्या, बाहुल्या एकदम बारीक किंवा मोठ्या. मात्र नुसत्या फेसाने घाबरू नका. पाल तोंडात धरली किंवा कडू औषध जिभेला लागलं तरी मांजर फेस काढतं.

घरातली विषं तर बहुतेक वेळा आपल्याच हातची असतात. कुत्र्याच्या मानेवर टाकायचं गोचिडांचं औषध "थोडंसंच" म्हणून मांजराला लावलं जातं. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर काही तासांत कान फडफडतात, कातडी थरथरते, मग झटके. दुसरी चूक पॅरासिटामॉलची. अंग तापलंय म्हणून प्रेमाने भरवलेली ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण हे औषध पचवून बाहेर टाकायची यंत्रणा त्याच्या यकृतात फारच तोकडी असते. हिरड्या गुलाबीच्या मातकट किंवा निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. साध्या पार्वोत हिरड्यांचा असा रंग होत नाही. पुष्पगुच्छातली लिली तिसरी. तिचे परागकण अंगावरून चाटले तरी मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत निकामी होऊ शकतात.

उंदरांच्या औषधाबद्दल एक गैरसमज आहे: विष म्हणजे तासाभरात निकाल. झिंक फॉस्फाईडची काळपट पूड खरंच काही तासांत दणका देते, आणि ओकारीला लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा वास येतो. तो वास ज्या वायूचा, तो आपल्यालाही घातक, म्हणून दवाखान्यात नेताना गाडीच्या काचा उघड्या ठेवा. पण ब्रोमाडिओलोनच्या वड्या खाल्लेलं मांजर दोन-तीन दिवस छान हिंडतं. नंतर रक्त गोठेनासं होतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येतं. यावर व्हिटॅमिन के-१चा उतारा आहे, पण वेळेत मिळाला तर.

घरी मिठाचं पाणी पाजून ओकायला लावू नका, आणि दूध हा कुठल्याही विषाचा उतारा नाही. औषधाचं वेष्टन आणि ओकारीचा नमुना घेऊन डॉक्टरांकडे निघा. शौचातून पार्वोची चाचणी तिथेच काही मिनिटांत होते, कुत्र्यांची किट मांजरांनाही चालते. रक्तात पांढऱ्या पेशी घसरलेल्या असतील तर संशय पक्का होतो. मांजर गेलंच आणि विषाचा संशय उरला, तर देह फ्रीझरमध्ये न ठेवता फ्रिजमध्ये ठेवून शवविच्छेदन करून घ्या. प्राण्याला विष घालणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेवढा मोठा आरोप नुसत्या संशयावर कुणाच्या माथी मारायचा नसतो, हे आम्हाला उशिरा कळलं.

आमची दुसरी चूक त्यानंतरची. पिल्लं गेल्यावर पार्किंग फिनाईलने धुतलं. हा विषाणू जमिनीवर वर्षभर तग धरतो आणि फिनाईलला दाद देत नाही. उलट फिनाईल मांजरांनाच विषारी: पंजाला लागतं, चाटलं जातं. एक भाग ब्लीचला बत्तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवायचं, मग साध्या पाण्याने धुवायचं, हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत आम्ही एका रोगाच्या जागी दुसरं विष पसरत होतो.